पाच वाजताची हाक

संध्याकाळी पाच वाजता उपेपो कॅम्पवर पाहुण्यांना चहा मिळायचा आणि हत्तींना त्यांची मेलेली आई. दोन्हींची वेळ कधी चुकली नाही. चहाचं श्रेय स्वयंपाकघराचं. आईचं सगळं श्रेय माझं होतं, त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय नाही. चौकशी समिती वगैरे कुणी नेमलेली नाही, जबाबही कुणी मागितलेला नाही. पण कोइनेत सोळा दिवस माझ्याशी बोलला नाही. काल बोलला, एकच वाक्य. त्या वाक्यानंतर मला झोप नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी हेमांगी पोतदार, इचलकरंजीची. माझे वडील, बापू, लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे. लग्न, उरूस, प्रचारसभा, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे ‘पोतदार साउंड’. माझं अर्धं बालपण मांडवात अॅम्प्लिफायरच्या खोक्यावर बसून गेलं. बापूंचा धंद्याचा एकच नियम होता. एक वक्ता संपला आणि दुसरा अजून यायचाय, किंवा नवरदेव वाटेत अडकलाय, की ते झटकन एखादी रेकॉर्ड लावून द्यायचे. म्हणायचे, “पोरी, मशीन गप ठेवायचं न्हाई. मशीन गप झालं की माणसं उठत्यात. उठलेलं माणूस परत बसत न्हाई.”

पुढे मी ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट केली, बाहेरच्या प्रयोगशाळांमधून कामं केली, बापू गेले, धंदा बंद झाला. नियम मात्र अंगात मुरलेला तसाच राहिला.

उपेपो कॅम्प केनियाच्या दक्षिणेला आहे, सपाट गवताळ रानात. मधूनमधून छत्रीसारखी पसरलेली बाभळीची झाडं, आणि हवा स्वच्छ असेल त्या दिवशी क्षितिजावर डोंगर. इथे डिझेल नाही, जनरेटर नाही. तंबू कापडाचे, स्वयंपाक सौरचुलीवर, आंघोळीला माणशी एक बादली आणि त्या बादलीचं पाणी नंतर पपईच्या झाडांना. एका बादलीत आंघोळ करायला लोक सात समुद्र ओलांडून येतात याची मला गंमत वाटायची. आमच्या गल्लीत ती रोजच व्हायची, आणि तिला पर्यावरण वगैरे कुणी म्हणत नव्हतं.

उपेपोची खरी मिजास वेगळीच होती. इथे सफारीच नव्हती. चाकांखाली गवत चिरडतं, गाड्यांच्या गराड्यात प्राणी बिथरतात, तेव्हा पाहुण्यांनी प्राण्यांमागे धावायचंच नाही. पाणवठ्यासमोरच्या लाकडी मचाणावर चहा घेत बसायचं, हत्ती आपल्या पायांनी येतील. आणि ते यायचे. रोज, पाचनंतर अर्ध्या तासात. जगभर या कॅम्पचं कौतुक झालं. त्या येण्यामागे मी होते.

हत्ती बोलतात ते आपल्याला फारसं ऐकू येत नाही. माणसाचा कान सेकंदाला वीस कंपनांच्या खाली काम करत नाही, आणि हत्तींच्या दूरच्या हाका त्याच्याही खाली जातात, पंधरा-सोळापर्यंत. इतका खोल आवाज झाडाझुडपांत अडत नाही. संध्याकाळी जमिनीलगतची हवा थंड झाली की वरच्या गरम हवेचं छत तयार होतं, आणि हाक त्या छताखालून दहा-दहा किलोमीटर जाते. थोडी जमिनीतूनही जाते. हत्ती एक पाय उचलून उरलेल्या तीन पायांवर थबकलेला दिसला, तर तो तळव्यांनी ऐकत असण्याचा संभव असतो. आणि या हाका म्हणजे नुसतं गुरगुरणं नव्हे. कळपातल्या प्रत्येकीला तिचं म्हणून एक नाव असतं, आणि आई त्या नावानं बोलावते.

चौदा वर्षांच्या ध्वनिमुद्रणांवर शिकवलेल्या संगणकानं ती नावं वेगळी काढली. मग प्रश्न उरला ती उच्चारायची कशानं. पंधरा कंपनांचा आवाज साध्या स्पीकरला झेपत नाही. त्यासाठी मी पंख्यासारखं यंत्र बनवलं. त्याची पाती फिरता फिरता आपला कोन बदलत हवा पुढे-मागे ढकलतात. हत्तींनी उपटून काढू नये म्हणून पाणवठ्याजवळ काँक्रीटच्या हौदात ते पुरलं, वर झाकण आणि झाकणावर माती. त्याला बटण ठेवलंच नाही. सगळा हुकूम माझ्या टॅबलेटवरून.

ध्वनिमुद्रणं कोइनेतची. कोइनेत मासाई आहे, साठीचा, तीस वर्षं याच रानात माग काढणारा. मी त्याला म्झे म्हणते, म्हणजे वडीलधारा. तो मला मामा म्हणतो. इकडे मान राखून बाईला मामाच म्हणतात, आणि सवय व्हायला मला वर्ष लागलं. या कळपाच्या म्होरक्या म्हातारीला त्यानं येयो नाव दिलं होतं. मासाई भाषेत येयो म्हणजे आई.

येयो साठीला पोचून गेली. दाढा झिजल्या, चावता येईना, तशी एक दिवस ती कळप सोडून लांबच्या घळीत जाऊन पडली. चार दिवसांनी कोइनेतला सापडली. सुळे वनखात्यानं नेले, बाकीचं तरसांनी. कळपाला ती मेलेली कधी दिसलीच नाही.

तिच्या जागी तिची थोरली लेक, नाइसुला, म्होरकी झाली. नवखी होती, बिचकायची, कळपाला घेऊन कुठेही भरकटायची. पाणवठा ओस पडला. पाहुणे रिकामं रान बघून परत जायला लागले. तेव्हा मी येयोची हाक लावून बघितली.

एका मुद्रणात ती नाइसुलाला बोलावत होती, सात सेकंद, हळूहळू विरत जाणारी हाक. पण चार सेकंदांनंतर मागे जीपचा घरघराट घुसला होता, म्हणून मी तिथेच कापली. चार पूर्णांक तीन सेकंद. खरी हाक विरायची, माझी तोडल्यासारखी थांबायची. म्हटलं, हत्तींना काय कळतंय.

पंचवीस मिनिटांत कळप आला. लहानमोठ्या मिळून दहा जणी. नाइसुला हौदाच्या झाकणावर उभी राहून सोंडेनं माती हुंगत राहिली. कोइनेत माझ्याशेजारी होता.

“ती शोधतेय,” तो म्हणाला.

“सापडेल ना पाणी,” मी म्हणाले. माझ्या अंगावर आनंदानं काटा आला होता, आणि त्याच्या बोलण्यातलं मला ऐकायचं नव्हतं.

तीन वर्षं हे चाललं.

दीड वर्षापूर्वी, जूनमध्ये, साताऱ्याहून एक ग्रुप आला, बारा जण. त्यात शशिकला देवकुळे नावाच्या बाई होत्या, निवृत्त परिचारिका, सत्तरीच्या. मराठी माणूस भेटलं म्हणून त्यांनी मला बाकरवडीचा पुडा दिला आणि लेकीसारखी शेजारी बसवून घेतली. पाचला हाक दिली, हत्ती आले, ग्रुपनं टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी विचारलं, मॅडम हे कसं काय करता? मी नेहमीसारखं हौसेनं सगळं सांगितलं.

शशिकलाबाईंनी कप खाली ठेवला. “म्हणजे त्यांची आई गेलेलीये, आणि तुम्ही तिच्या आवाजात बोलावता?”

“तिचंच रेकॉर्डिंग आहे, मावशी.”

“आणि आल्यावर आई नसते.”

“पाणी असतं.”

“अगं, पाण्यासाठी येतात का त्या?” त्या नाइसुलाकडे बघत होत्या. “माझी आई गेली तेव्हा मी ड्युटीवर होते. वर्षभर फोन वाजला की वाटायचं तिचाच. रोज कुणी तिच्या आवाजात फोन केला असता ना, मी घरातून हलले नसते बघ. नोकरी सुटली असती माझी.”

मला राग आला. खरं सांगते, मनात म्हटलं, बाई, बाकरवडी द्या आणि गप्प बसा. दुसऱ्या दिवशी ग्रुप गेला. जाताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, त्याचाही राग आला.

त्याच वर्षी पाऊस हुकला. नोव्हेंबरचा हुकला, मार्चचा नावाला पडला, पुन्हा नोव्हेंबर कोरडा. पाणवठ्याला आमच्या बोअरचं पाणी होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण दुष्काळात हत्ती तहानेनं कमी आणि भुकेनं जास्त मरतात. पाण्याभोवतीचं गवत संपतं, मग साली संपतात, आणि पाणी सोडून लांब जाण्याचं बळ उरत नाही. जानेवारीत दुर्बिणीतून नाइसुलाच्या कपाळावर खड्डे दिसायला लागले. पाठीचा कणा वर आला. नऊ महिन्यांचं एक पिल्लू आईच्या आटलेल्या सडांना ढुशा देत उभं राहायचं.

एका सकाळी कोइनेत माझ्या तंबूसमोर येऊन उभा राहिला. बसला नाही.

“मामा, येयो असती तर सप्टेंबरातच निघाली असती. पूर्वेला दलदल आहे, लोंगोसा. तिथे डोंगरातलं पाणी झिरपतं, लव्हाळं कधी सुकत नाही. दोन दिवसांची चाल. मी तीस वर्षं बघतोय, प्रत्येक दुष्काळात ती यांना घेऊन तिकडे गेली आहे.”

“नाइसुलाला वाट माहीत नाही?”

“तीन वेळा गेलीय ती आईच्या मागून. माहीत आहे. पण रोज आई इथे बोलावते, तर ती जाईल कशी?”

“चला असं सांगणारी हाक असते ना. ती लावू.”

“आहे तुझ्याकडे?”

नव्हती. मला ते माहीतच होतं, तरी दिवसभर मुद्रणं चाळली. सगळे मायक्रोफोन पाण्याकाठी लावलेले. या, इकडे या, मी इथे आहे, तू कुठे आहेस, हे शेकड्यांनी होतं. निघताना म्हातारी जे म्हणायची ते तीनदाच सापडलं, आणि तिन्ही वेळा लांबून, वाऱ्यात विरलेलं. त्यातून हाक बनत नव्हती. पाहुण्यांना हत्ती येताना हवे होते. जाण्याचा शब्द गोळा करावा असं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

“मग गप कर,” कोइनेत म्हणाला. “पंधरा दिवस गप ठेव. त्या शोधतील, ओरडतील, मग दमतील. मग नाइसुला ठरवेल. आमच्याकडे म्हातारा गेला की त्याची जागा सोडून पुढे जातात, मामा. गुरं घेऊन. तिथे बसून राहिलं तर गुरंही जातात.”

आम्ही दोघं व्यवस्थापक एस्तेरकडे गेलो. एस्तेर वाईट बाई नाही. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पंधरा दिवस हत्ती नाहीत, आणि ते दलदलीत गेले की पाऊस पडेपर्यंत नाहीत. पाहुणे येणार नाहीत. ही जमीन आपण गावाकडून भाडेपट्ट्यानं घेतलीय, पाहुण्यांच्या जोरावर. पट्टा सुटला तर इथे कुंपणं पडतील आणि मका लागेल. मग हत्तींनी पावसाळ्यात परत कुठे यायचं?”

तिचंही खोटं नव्हतं. दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी तेव्हा हो म्हणाले असते, मशीन गप ठेवते म्हणाले असते, तर बहुतेक एस्तेरनं ऐकलं असतं. पण मशीन गप ठेवणं हे माझ्या हातून होतच नाही. आणि मला युक्ती सुचली होती. युक्ती सुचलेल्या माणसाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही.

“गप कशाला?” मी म्हणाले. “येयोच त्यांना घेऊन जाईल. माझ्याकडे दुसरं यंत्र आहे, सुटं. ते विजेवरच्या गाडीच्या ट्रेलरवर चढवते. थोडं पुढे जायचं, हाक द्यायची, त्या आल्या की आणखी पुढे. लोंगोसापर्यंत. या म्हणतच नेऊ.”

एस्तेरला पटलं. कोइनेत काठीनं मातीत रेघा काढत होता.

“तू आईला चालवणार,” तो म्हणाला.

“हो.”

“ठीक. मी वाट दाखवतो.”

निघायच्या आधी पाणवठ्यावरच्या यंत्राचं वेळापत्रक मी स्वतः रद्द केलं. एस्तेरला टॅबलेटवर दाखवलं, पाचची हाक बंद. ती दिसली, बंद म्हणून. टॅबलेट आणि यंत्र जोडणाऱ्या कॅम्पच्या टॉवरच्या टप्प्याबाहेर मी सोमवारी दुपारी चारला पडले.

पहिला दिवस फार छान गेला. पाण्यापासून दीड किलोमीटरवर थांबलो, हाक दिली. कळप चाचरत आला. आम्ही पुढे गेलो, पुन्हा हाक. प्रत्येक वेळी नाइसुला ट्रेलरपासून पन्नास पावलांवर थबकायची, सोंड उंच करून वास घ्यायची, आईचा वास नाही म्हणून गोंधळायची, आणि तरी यायची. पिल्लामुळे वेग फार कमी होता. त्याला सगळ्या जणी पोटाखाली घेऊन चालत होत्या. मंगळवारी सकाळपर्यंत नऊ किलोमीटर झाले. ऊन चढल्यावर कळप बाभळींच्या सावलीत उभा राहिला. दुपारी कोइनेत माझ्यासाठी भाजलेलं कणीस घेऊन आला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला.

“पुढचा टप्पा ओलांडला की त्यांना दलदलीचा वास येईल,” तो म्हणाला. “मग तुझी गरज नाही. मग त्या धावतील.”

पुढचा टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. मी कणसाचे दाणे सोलत हिशेब केला, आज रात्रीत होऊन जाईल.

पाच वाजता ऊन उतरलं. मी हाक दिली. नाइसुलानं कान पसरले, दोन पावलं आमच्याकडे टाकली, आणि थांबली. पुढचा उजवा पाय उचलला. मग सगळ्याच जणी थबकल्या, पाय उचलून. आणि नाइसुला हळूहळू मागे वळली. कॅम्पच्या दिशेला.

मी टॅबलेट बघितला. पडद्यावर ट्रेलरच्या मायक्रोफोननं टिपलेल्या माझ्या हाकेच्या रेघेखाली दुसरी रेघ उमटली होती, बारीक पण स्वच्छ. चार पूर्णांक तीन सेकंद. शेवट तोडल्यासारखा.

दोन सेकंद मला काहीच कळलं नाही. मग कळलं.

वेळापत्रक मी रद्द केलं होतं. पण वेळापत्रकाच्याही आधी, यंत्र बनवताना पहिल्या दिवशी, मी त्यात एक सोय लिहिली होती. चोवीस तासांत माझ्या टॅबलेटशी संपर्क झाला नाही, तर समजायचं की काहीतरी बिघडलंय, चालवणारं कुणी नाही, आणि आपल्या आपण हाका सुरू करायच्या. संध्याकाळी, हवा थंड झाली की, दर दहा मिनिटांनी, संपर्क येईपर्यंत. मांडव रिकामा होऊ द्यायचा नाही. कुणी सांगितलं नव्हतं मला असं करायला. कुठल्याही दुसऱ्या इंजिनिअरनं यंत्र बिघडलं तर ते बंद पडेल असं बघितलं असतं. मी पोतदार साउंडची होते, मी ते बोलत राहील असं बघितलं. आणि इतक्या सहज लिहून टाकलं की लिहिलंय हेही विसरले.

मी सॅटेलाइट फोनवर ओरडले, “एस्तेर, हौद खणा! यंत्र तोडा!”

“कुठलं यंत्र? ते तर बंद आहे.”

“बंद नाही! तुला ऐकू येत नाही, कुणालाच येत नाही. झाकण काढा, कुदळी घ्या, वायर कापा!”

झाकण सात माणसांनी उचलायचं, काँक्रीटचं, हत्तींना उचलता येऊ नये असं मीच बनवलेलं. त्यांना तीन तास लागले.

तोवर मी काय केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी माझी हाक वाढवली. आवाज पूर्ण केला, दर दहा मिनिटांऐवजी दर तीन मिनिटांनी. वाटलं, आपली जवळची आहे, जोरात आहे, ऐकतील. मग काय झालं, तर पूर्वेकडून आई बोलावत होती आणि पश्चिमेकडूनही आईच बोलावत होती, त्याच नावानं, त्याच आवाजात. नाइसुला आमच्याकडे वीस पावलं यायची, वळायची, तिकडे तीस पावलं जायची, वळायची. लहान हत्तिणी तिच्याभोवती घोळक्यानं फिरत होत्या. तिच्या कानशिलांवरून पाण्याचे ओघळ वाहत होते. फार घाबरला की हत्तीला असं होतं. ती ओरडायला लागली, ते आम्हालाही ऐकू आलं. पाऊण तास हे चाललं. त्या पाऊण तासात ते पिल्लू खाली बसलं, आणि मग आडवं झालं.

कोइनेतनं माझा दंड धरला. इतक्या वर्षांत त्यानं मला कधी हात लावला नव्हता.

“बंद कर.”

“बंद केलं तर त्या परत जातील, म्झे. सहा किलोमीटर राहिलेत फक्त.”

“बंद कर, मामा. त्यांना एक तरी आई राहू दे.”

मी बंद केलं.

पिल्लाची आई आणि आणखी दोघी त्याला सोंडेनं उठवत राहिल्या. ते उठलं नाही. मग कळप पश्चिमेला निघाला, आला त्याच वाटेनं, जिथून आई बोलावत होती तिकडे. आई अजून बोलावतच होती. पिल्लाची आई सगळ्यात शेवटी निघाली.

त्या वाटेत आणखी एक पडली. दोघी पाणवठ्यावर पोचून पडल्या. कॅम्प एस्तेरनं बंद केला आणि पाहुण्यांना परत पाठवलं. हौदातून काढलेल्या यंत्राचे कोइनेतनं कुऱ्हाडीनं तुकडे केले, ट्रेलरवरच्याचेही. मी बाजूला उभी राहून बघितलं. हत्तिणी उरल्या सात. त्याचं पहिलं म्हणणं होतं तेच आता करायचं ठरलं, सगळं गप ठेवायचं. पंधरा दिवस. त्या शोधतील, दमतील, मग नाइसुला ठरवेल. तो मला हे बोलला नाही, एस्तेरला बोलला.

मी मायक्रोफोन चालू ठेवले होते. ते नुसते ऐकतात, बोलत नाहीत. पंधरा दिवस मी रोज मचाणावर बसून रिकामी रेघ बघत होते. नाइसुला उकरलेल्या हौदाच्या खड्ड्यात सोंड घालून उभी असायची. हाडं आणि कातडं. पूर्वेकडून वारा यायचा तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना म्हणायचे, निघा आता, निघा. बापूंचा नियम मी उलट्या बाजूनं घोकत होते. मशीन गप झालं की उठतात. उठतातच. बापूंचं धंद्यातलं काही कधी चुकलं नाही.

काल सोळावा दिवस. पाच वाजले. चहा करणारं कुणी नव्हतं. कोइनेत खाली, खड्ड्यापासून थोडा लांब, वारुळावर बसला होता.

पडद्यावर रेघ उठली.

मी आधी यंत्राच्या तुकड्यांकडे बघितलं. ते पोत्यात होते. मग खाली बघितलं. नाइसुला खड्ड्याच्या काठावर उभी होती, कान हळूहळू हलवत, तोंड किंचित उघडं. दहा मिनिटांनी पुन्हा रेघ उठली, आणि मी मोजली. चार पूर्णांक तीन सेकंद. शेवट विरलेला नाही. तोडलेला, जिथे मी तोडला होता तिथेच.

हत्ती ऐकलेला आवाज उचलतात. ट्रकचा आवाज काढणारी हत्तीण आमच्या शास्त्रात नोंदलेली आहे. तीन वर्षं रोज ऐकलेली हाक नाइसुलानं उचलली होती. आता म्होरकी ती होती, आणि म्होरकीनं कळपाला बोलवायचं असतं. या, इकडे या. आजूबाजूच्या झुडपांतून बाकीच्या सहा जणी एकेक करून आल्या आणि उकरलेल्या खड्ड्याभोवती तिच्याजवळ उभ्या राहिल्या. पूर्वेकडे कुणी बघितलंही नाही. दर दहा मिनिटांनी ती बोलावत राहिली.

कोइनेतला ती हाक ऐकू येत नाही, पण कळप कसा गोळा होतो ते तो तीस वर्षं बघतोय. तो वारुळावरून उठला, सावकाश मचाणाच्या पायऱ्या चढून आला. माझ्या टॅबलेटवरची रेघ बघितली. मग माझ्याकडे बघितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता. यंत्राचं काही अडलं की तो मला विचारायचा, तसंच त्यानं विचारलं.

“मामा, हिला कसं बंद करायचं?”